पार्ट येत नाही : वस्तूच्या मरणाची तारीख कोण ठरवतं?

आमच्या घरचं वॉशिंग मशीन गेल्या वर्षी बंद पडलं. मोटर ठणठणीत होती, ड्रमला गंज नव्हता, बेल्टही शाबूत होता. मेकॅनिकनं मागचं झाकण उघडलं, मीटर लावून पाहिलं आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय. ह्या मॉडेलचा बोर्ड कंपनीनं बंद केलाय, पार्ट येत नाही. जुन्या मशीनमधला काढलेला कुठे मिळाला तर मिळेल, पण त्याची गॅरंटी मी नाही देणार. नवीनच घ्या, ताई." मशीनला नऊ वर्षं झाली होती. वहीएवढ्या एका सर्किटपायी साठेक किलो लोखंड, तांबं आणि प्लॅस्टिक भंगारात निघालं.

भंगारवाले ते जिन्यावरून उतरवत होते तेव्हा आई दारात उभी होती. तिला माहेरचा कल्हईवाला आठवला. तो अंगणात खड्डा करून भाता लावायचा, पातेलं तापवायचा, नवसागराची भुकटी टाकून कथलाचा हात फिरवायचा, आणि काळवंडलेलं पितळेचं पातेलं आतून चांदीसारखं लखलखायचं. "कल्हई उडायची, पण भांडं जायचं नाही," आई म्हणाली.

त्या वाक्यानं मला बरेच दिवस सोडलं नाही. कल्हई उडणार, हे धरूनच ते भांडं वापरात असायचं. झिजणारा थर वेगळा, टिकणारं भांडं वेगळं, आणि थर पुन्हा चढवून देणारा माणूस गावोगाव फिरत असायचा. आमच्या मशीनमध्येही झिजणारा भाग होता. मात्र तो संपल्यावर काय करायचं, याची सोय कुणीच केलेली नव्हती.

जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाही. कल्हईवाला गेला तो स्टील आल्यामुळे. स्टीलच्या भांड्यात ताक-आमटी कळकत नाही, कल्हई करावी लागत नाही, घासायला सोपं. घरातल्या बायकांचे कष्ट वाचले. एक गोष्ट मागे पडली आणि तिच्या जागी खरोखर बरी गोष्ट आली. आमचं मशीन असं मागे पडलेलं नव्हतं. ते कपडे नीटच धूत होतं.

मरणाच्या तऱ्हा

वस्तू वापरातून जाण्याला मराठीत कालबाह्यता म्हणतात. हा शब्द एकच असला तरी त्याच्या पोटात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की चर्चा भरकटते.

काही वस्तू झिजून जातात: टायर, चप्पल, केरसुणी. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. काही वस्तू अधिक सोयीचं काही आल्यामुळे जातात. भारतातली तारसेवा १५ जुलै २०१३ ला बंद झाली, कारण तोवर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला होता. काही वस्तू मनातून उतरतात. सोफा धड असतो, पण शेजारच्यांचा नवा पाहिला की आपला जुनाट दिसायला लागतो. काही वस्तू सरकार बाद ठरवतं.

आणि एक तऱ्हा आपल्या काळात सगळ्यात वेगानं वाढली आहे. वस्तू स्वतः धडधाकट असते, पण तिचे सोबती तिला सोडून जातात. सुटा भाग बनायचा थांबतो. सॉफ्टवेअरचे अपडेट बंद होतात. नेटवर्क बदलतं. चार्जरची पिन बदलते. पूर्वी वस्तू एकटी जगायची. खलबत्त्याला कुणाची सोबत लागत नव्हती. आजचा फोन, टीव्ही, मोटार, अगदी पाण्याचा फिल्टरसुद्धा दहा गोष्टींच्या आधारावर उभा असतो, आणि त्यातला कुठला आधार कधी काढून घ्यायचा, हे आपण ठरवत नाही.

बनवणाऱ्यानं हे जाणूनबुजून, पुढची विक्री व्हावी म्हणून घडवून आणलं, तर त्याला नियोजित कालबाह्यता म्हणतात. ते खरंच कुणी करतं का? एकदा तरी केल्याचा लेखी पुरावा आहे.

हजार तासांचा दिवा

२३ डिसेंबर १९२४ ला स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात जगातल्या मोठमोठ्या दिवे-कंपन्या एकत्र बसल्या. जर्मनीची ओसराम, हॉलंडची फिलिप्स, फ्रान्सची कंपनी दे लांप आणि इतर काही. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक तिच्या परदेशी भागीदार कंपन्यांमार्फत त्यात होती. या संगनमताला फीबस असं नाव पडलं. कुणी कुठल्या देशात किती दिवे विकायचे, हे त्यांनी वाटून घेतलंच, शिवाय एक चमत्कारिक नियमही केला. घरगुती दिवा हजार तास चालला पाहिजे, त्याहून जास्त नाही. त्या वेळी बाजारात दीड ते दोन हजार तास चालणारे दिवे सर्रास मिळत होते.

नियम कागदावर राहिला नाही. प्रत्येक कारखान्यानं आपल्या दिव्यांचे नमुने स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळेत पाठवायचे, तिथे ते जाळून पाहायचे, आणि ज्याचा दिवा ठरल्यापेक्षा फार जास्त चालेल त्याला दंड. जास्त टिकाऊ माल काढला म्हणून दंड! १९३३-३४ पर्यंत दिव्याचं सरासरी आयुष्य १८०० तासांवरून १२०५ तासांवर आलं. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि हे संगनमत मोडलं.

इथवरची गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. पुढचा अर्धा भाग सांगायचा राहून जातो, आणि मला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो. दिव्यातली टंगस्टनची तार जितकी जास्त तापवाल, तितका तेवढ्याच विजेत उजेड जास्त मिळतो. पण तार लवकर तुटते. कमी तापवाल तर दिवा वर्षानुवर्षं जळेल, पण मिणमिणता आणि विजेचा उधळा. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासूनचा एक दिवा अजून जळतो आहे. त्याचं कौतुक करायलाच हवं, पण त्याच्या उजेडात वाचता येत नाही. म्हणजे हजार तासांचा आकडा अगदीच निराधार नव्हता. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगानं १९५१ मध्ये या प्रकरणाची छाननी केली, तेव्हा त्यांनीही हजार तास ही तडजोड म्हणून वाजवी असल्याचं मान्य केलं होतं.

मग चूक कुठे होती? तडजोड गिऱ्हाइकाला न विचारता, न सांगता, दाराआड झाली यात. ज्याला बिल कमी हवं त्याला प्रखर दिवा आणि ज्याला उंच जिन्यात वारंवार शिडी लावायची नाही त्याला मंद पण टिकाऊ दिवा, अशी निवड ठेवता आली असती. स्पर्धा असती तर कुणीतरी ती ठेवलीही असती. दिवा कधी मरणार हे ठरवलेलं होतं आणि ते फक्त विकणाऱ्याला ठाऊक होतं. आजच्या बहुतेक वादांचं मूळ शोधत गेलं की मी याच जागी येऊन पोचते.

धंद्याचं गणित

धंदा करणाऱ्याच्या बाजूनंही पाहू. समजा तुम्ही उत्तम मिक्सर बनवता आणि तो तीस वर्षं चालतो. पहिली दहा वर्षं भरभराटीची. मग सगळ्यांच्या घरी मिक्सर पोचतो. पुढे काय? कामगारांचे पगार, कर्जाचे हप्ते, भागधारकांच्या अपेक्षा थांबत नाहीत.

अमेरिकेत हा प्रश्न मोटारींच्या धंद्यात आधी उभा राहिला. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी चालली, दीड कोटीहून जास्त गाड्या निघाल्या. दणकट, स्वस्त, दुरुस्तीला सोपी. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोननी वेगळी वाट धरली: दरवर्षी नवं रूप, नवे रंग, आणि पायरीपायरीनं वर चढणारी मॉडेलं. गिऱ्हाइकाची गाडी बिघडायची वाट पाहायची नाही, ती जुनी दिसली पाहिजे. अखेर फोर्डलाही मॉडेल टी थांबवून नवी गाडी आणावी लागली.

महामंदीत तर ही कल्पना देशसेवेच्या वेषात पुढे आली. १९३२ मध्ये न्यूयॉर्कमधले जमीनजुमल्याचे दलाल बर्नार्ड लंडन यांनी एक पुस्तिका काढली. सरकारनंच प्रत्येक वस्तूचं आयुष्य ठरवून द्यावं, मुदत संपली की ती कायद्यानं मेली असं जाहीर करावं, आणि मुदतीनंतरही जो ती वापरेल त्याला कर लावावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. यामागे लबाडी नव्हती. कारखाने बंद होते, लोक उपाशी होते, त्यांना हाताला काम हवं होतं. पण माणसाला काम मिळावं म्हणून चांगली वस्तू मोडायची, हे पटवून घेणं आजही जड जातं.

आपल्याकडे त्याच्या उलटं चित्र होतं. पुण्याच्या बजाजची चेतक नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट पाहायचे. एकाच रूपाची स्कूटर दशकानुदशकं निघत राहिली, आणि गल्लीतल्या प्रत्येक मेकॅनिकला तिची नस न् नस माहीत होती. गाडी तिरकी करून किक मारायची युक्ती बापाकडून मुलाकडे जायची. टिकाऊपणा होता खरा, पण त्याला परमिट राजनं लादलेल्या टंचाईचीही जोड होती. नवं मिळतच नव्हतं, म्हणून जुनं जपलं जात होतं. त्या काळाकडे परत जावं असं मला वाटत नाही. त्या काळातली मेकॅनिकची जाण मात्र हवीशी वाटते.

दुरुस्ती महाग का पडते, यालाही साधं कारण आहे. कारखान्यात एका पट्ट्यावर हजारो मिक्सर सारखेच जोडले जातात. एकेकाला काही मिनिटं लागतात. दुरुस्ती एकेकाची, हातानं, आधी दोष शोधत. तासभर माणूस बसणार, त्याचं भाडं, त्याची मजुरी. नवी वस्तू जितकी स्वस्त होत जाते, तितकी दुरुस्ती तुलनेनं महाग वाटत जाते. यात कुणाचा कट नाही. कट असो वा नसो, कंपनी इथे तराजूच्या एका पारड्यावर बोट मात्र ठेवू शकते: सुटा भाग महाग करून, स्क्रूऐवजी गोंद वापरून, किंवा एका छोट्या स्विचसाठी अख्खं पॅनेलच बदलायला लावून.

आणि हे फक्त घरगुती गिऱ्हाइकालाच भोवतं असं नाही. भोसरी, सातपूर, शिरोलीच्या एमआयडीसीत चक्कर मारा. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं बीडाचं धूड पंचवीस वर्षं हलत नाही, पण तिच्या कंट्रोलरचं कार्ड बंद झालेलं असतं. मग एखादा कारखानदार कुठूनतरी तसलीच मेलेली मशीन विकत घेऊन कोपऱ्यात ठेवतो, तिचे अवयव काढण्यासाठी. चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल काही वर्षांत बदलतो. रेल्वेचं इंजिन, रुग्णालयातलं यंत्र, लढाऊ विमान यांना तीस-तीस वर्षं चालायचं असतं. म्हणून मोठ्या उद्योगांत चिप बंद होण्याची नोटीस आली की शेवटची मोठी खरेदी करून साठा करतात. त्यांना नोटीस तरी येते. घरच्या वॉशिंग मशीनच्या मालकाला कोण नोटीस देतं?

बॅटरी, कुलूप आणि अपडेट

फोनमधली लिथियमची बॅटरी ही कल्हईसारखीच गोष्ट आहे. ती झिजणारच. काहीशे वेळा चार्ज झाली की तिची ताकद उतरते. पूर्वी मागचं झाकण नखानं उघडायचं, नवी बॅटरी टाकायची, झालं. आता ती चिकटवलेली असते. चिकटवल्यामुळे फोन पातळ होतो, पाणी आत शिरत नाही, हेही खरं. पण टायर जर चाकाला कायमचा चिकटवला असता, तर टायर झिजल्यावर गाडी भंगारात गेली असती.

याच बॅटरीवरून ॲपलचं प्रकरण गाजलं. २०१७ च्या सुरुवातीला कंपनीनं जुन्या आयफोनांसाठी एक अपडेट आणलं. त्यानंतर ते फोन काही वेळा हळू चालू लागले. वर्षअखेरीस कंपनीनं कबूल केलं की हे मुद्दाम केलं होतं. कारण तांत्रिक होतं. गावाकडे विहिरीवरची मोटर सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मिणमिणतो. तसंच जुन्या बॅटरीवर एकदम ताण आला की फोन बंद पडायचा. तो बंद पडू नये म्हणून त्याचा वेग उतरवला होता. उपाय म्हणून तो चूक नव्हता. पण ज्याचा फोन हळू झाला त्याला कुणी सांगितलंच नाही की बॅटरी बदलली तर फोन पुन्हा पहिल्यासारखा धावेल. त्यानं नवा फोन घेतला. पुढे कंपनीनं अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला, आणि फ्रान्समध्ये २०२० मध्ये तिला अडीच कोटी युरो भरावे लागले. तो दंड फोन हळू केल्याबद्दल नव्हता. न सांगितल्याबद्दल होता.

कुलपाची गोष्ट याहून पुढची आहे. काही फोनांत पडदा किंवा बॅटरी त्या एका फोनशी सॉफ्टवेअरनं जोडलेली असते. तसाच अस्सल भाग दुसऱ्या फोनमधून काढून लावला तरी फोन तक्रार करतो. अमेरिकेतल्या ट्रॅक्टर-मालक शेतकऱ्यांची लढाई यावरूनच पेटली. हार्वेस्टर ऐन काढणीत थांबतो, भाग शेतकरी स्वतः बदलू शकतो, पण त्रुटीचा संदेश पुसायचं सॉफ्टवेअर फक्त अधिकृत विक्रेत्याकडे. पीक शेतात उभं, आणि विक्रेत्याचा माणूस येईपर्यंत थांबायचं. कोलोरॅडो राज्यानं २०२३ मध्ये शेतीच्या अवजारांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, ओरेगॉननं २०२४ मध्ये अशा सॉफ्टवेअर-जोडणीवर बंदी घातली, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगानं ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीवर खटला भरला.

अपडेटचं मरण सगळ्यात शांत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. नव्या विंडोज ११ ला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि ठराविक पिढीनंतरचे प्रोसेसर लागतात. त्याआधीचे, टॅली आणि एक्सेल व्यवस्थित चालवणारे असंख्य संगणक त्या चाळणीतून खाली राहिले. घरगुती वापरासाठी वर्षभराची मुदतवाढ दिली, पण मरण टळलं नाही, पुढे गेलं. मायक्रोसॉफ्टच्या बाजूनं एक गोष्ट नमूद करायला हवी: तारीख त्यांनी बरीच वर्षं आधी जाहीर केली होती. ज्यानं २०१९ मध्ये संगणक घेतला त्याला ती शोधली असती तर सापडली असती. दुकानातल्या खोक्यावर मात्र ती छापलेली नव्हती.

ओझं कुणाच्या खांद्यावर

आपल्याकडे वस्तू एका हातात मरत नाही. मुलगा नवा फोन घेतो, त्याचा जुना बाबांकडे जातो, बाबांचा गावी काकूकडे. काकू त्यावर नातवंडांशी बोलते, पीकविम्याचा मेसेज बघते, गॅसचे पैसे भरते. कंपनीच्या हिशोबात फोनचं आयुष्य पहिल्या मालकापाशी संपतं. खरं आयुष्य तिसऱ्या मालकाकडे चालू असतं. अपडेट थांबले, बँकेच्या ॲपनं जुनी आवृत्ती नाकारली, की त्या साखळीचं शेवटचं टोक पहिल्यांदा तुटतं. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपनं अँड्रॉइड ४.४ वरचे फोन सोडले. पुण्या-मुंबईत बहुतेकांना ते कळलंही नसेल, कारण तसे फोन त्यांच्याकडे उरलेच नव्हते.

दुसरं ओझं दुरुस्ती करणाऱ्यांवर. पुण्यातली तपकीर गल्ली, मुंबईतला लॅमिंग्टन रोड इथे अशी माणसं आहेत, जी सूक्ष्मदर्शकाखाली मोहरीपेक्षा लहान भाग चिमट्यानं बदलतात. त्यांना सर्किटचा नकाशा कंपनी देत नाही, भाग देत नाही. ते मेलेल्या बोर्डांवरून शिकतात. हे कौशल्य एका पिढीत येत नाही आणि गेलं की विकत मिळत नाही.

तिसरं ओझं शेवटच्या हातांवर. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नोंदणीकृत मार्गानं गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेला. उरलेल्यातला बराच दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोचतो. तिथे वायरी जाळून तांबं काढतात, बोर्ड आम्लात बुडवून सोनं काढतात. शिसं आणि धूर त्यांच्या फुप्फुसांत जातो. शिवाय फोनसारख्या वस्तूच्या कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो, आपण तो चालू करण्याआधीच. म्हणून फोन दोन वर्षांऐवजी चार वर्षं वापरणं हे वीज वाचवण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे.

सरकार काय करू शकतं

फ्रान्सनं २०१५ मध्ये नियोजित कालबाह्यता हा गुन्हाच ठरवला: दोन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख युरोंपर्यंत दंड, तोही उलाढालीच्या प्रमाणात वाढू शकणारा. ऐकायला कडक. पण कंपनीनं मुद्दाम केलं, हा हेतू कोर्टात सिद्ध करायचा कसा? म्हणून मला फ्रान्सचं दुसरं पाऊल जास्त मोलाचं वाटतं. जानेवारी २०२१ मध्ये तिथे फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं: दुरुस्ती किती सोपी, भाग मिळतात का, कितीला मिळतात. किमतीच्या पाटीशेजारीच हा आकडा. हेतू शोधायची गरज नाही, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर वस्तुस्थिती ठेवली की झालं.

युरोपीय संघानं पुढे चार्जरची पिन एक केली. २० जून २०२५ पासून तिथे विकायला येणाऱ्या नव्या फोनांसाठी सुटे भाग सात वर्षं आणि अपडेट किमान पाच वर्षं देणं बंधनकारक केलं. फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. स्वीडननं २०१७ मध्ये सायकल, बूट, कपडे यांच्या दुरुस्तीवरचा कर २५ टक्क्यांवरून १२ वर आणला. आपल्याकडे नोंदणीकृत दुरुस्ती-सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ वर आला, म्हणजे नवं स्वस्त झालं आणि दुरुस्ती होती तिथेच राहिली. मध्यमवर्गाला दिलासा मिळाला, याचा मला आनंद आहे. पण दुरुस्तीचा दर त्याच दिवशी खाली आला असता तर किती बरं झालं असतं.

भारत या विषयात अगदीच मागे नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं एका ग्राहकाच्या तक्रारीतून सुरू झालेल्या प्रकरणात १४ मोटार कंपन्यांना मिळून २५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ न देणं, हा ठपका. कंपन्या अपिलात गेल्या, पण गॅरेजवाल्याला भाग मिळणं हा स्पर्धेचा प्रश्न आहे, हे आयोगानं तेव्हाच लिहून ठेवलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं निवडली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक पोर्टल उघडलं. मे २०२५ मध्ये दुरुस्ती-गुणांकाचा आराखडा दुसऱ्या समितीनं सादर केला. पोर्टलवर कंपनीनं माहिती ठेवणं आणि कंपनीवर भाग ठेवायची सक्ती असणं यात मोठं अंतर आहे. ते अंतर कायद्यानंच भरून निघेल.

ई-कचऱ्याचे नियम मात्र बंधनकारक आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या मालाच्या ठराविक प्रमाणात कचऱ्याची पुनर्प्रक्रिया करवून घ्यावी लागते. आधी ६० टक्के, २०२५-२६ पासून ७०, २०२७-२८ पासून ८०. चांगलं पाऊल आहे. तरी हा कायदा वस्तू मेल्यानंतर दारात येतो. पुनर्प्रक्रिया केल्याची प्रमाणपत्रं मोजली जातात ती सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम यांवर. आमच्या मशीनमधलं लोखंड हिशोबात येईल; त्याची चांगली चालणारी मोटर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

सरकार स्वतःही वस्तू मारतं, हे विसरून चालणार नाही. मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ती गाडी बंद होऊन दोन दशकं उलटली होती, भाग मिळवताना टॅक्सीवाल्यांची दमछाक होत होती, आणि शहराच्या हवेचाही प्रश्न होता. लोक हळहळले, तरी निर्णय समजण्यासारखा होता. आणि एक गोष्ट तिथे नीट होती: वीस वर्षांचा नियम काही वर्षं आधीच सांगितलेला होता. मालकाला दिवस मोजता येत होते. दिल्लीत उलट झालं. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल वाहन बाद, हा नियम आधी विकलेल्या गाड्यांवरही येऊन पडला, पुन्हापुन्हा बदलला, पुन्हापुन्हा कोर्टात गेला. गाडी किती धूर सोडते हे पाहायचं की तिचं वय, हा वाद तिथे अजून रंगतो.

दिव्याची गोष्ट मात्र अर्धवट राहिली. हजार तासांच्या दिव्याला आपल्याकडे उतरती कळा लावण्यात सरकारी योजनेचा मोठा हात आहे. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी काही वर्षांत ३८ रुपयांवर आला, आणि योजनेतून छत्तीस कोटींहून जास्त दिवे घरोघरी गेले. एलईडी हजारो तास चालतो म्हणतात. त्यातला उजेड देणारा ठिपका खरंच चालतो. जातो तो बहुधा शेजारचा ड्रायव्हर, म्हणजे ठिपक्यांना वीज पुरवणारं छोटं सर्किट, नाहीतर माळेतला एखादाच ठिपका. आणि माळेतला एक गेला की सगळा दिवा विझतो.

आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात भाजीच्या रांगेपलीकडे एक मुलगा टेबल टाकून बसतो. समोर गेलेल्या एलईडी दिव्यांचा ढीग, बाजूला सोल्डरिंगची कांडी आणि नव्या प्लेटांची पिशवी. तो दिव्याचं पांढरं टोपण पिळून काढतो, मीटर लावतो, प्लेट किंवा ड्रायव्हर बदलतो, होल्डरला लावून पेटवून दाखवतो. वीस-तीस रुपये घेतो. शंभर वर्षांत दिवा दुरुस्त होतो असं कुणाला वाटलं नव्हतं. माझा दिवा हातात देण्याआधी त्यानं मार्करनं त्याच्या बुडाशी त्या दिवसाची तारीख लिहिली आणि म्हणाला, "सहा महिने धरून चाला, काकू. त्याआधी गेला तर ही तारीख दाखवा, मी परत करून देईन."